दोन्ही गोळ्या ‘जेवणानंतर’

मे महिन्याचा शेवटचा आठवडा. दुपारचे अडीच वाजलेले, ऊन मी म्हणत होतं, दुकानात कुणी नव्हतं. अक्का बहुतेक त्याच वेळेची वाट बघत समोरच्या रसवंतीच्या सावलीत थांबल्या असाव्यात. शेवटचं गिऱ्हाईक पायरी उतरलं आणि त्या आत आल्या. काउंटरवर त्यांनी दोन गोष्टी ठेवल्या. एक डॉक्टरांची नवी चिठ्ठी आणि दुसरं रबर लावून बांधलेलं रिकाम्या पाकिटांचं पुडकं.

“म्याडम, ह्यानं बी गुण नाही आला बघा. डॉक्टर म्हनले नियमित घेतल्या नसतील. मी रोज खायले ना. एक बी चुकवली नाही.”

पुडकं सोडून मी पाकिटांवरची फुटलेली भोकं मोजली. छप्पन्न. रोज दोन, अठ्ठावीस दिवस. हिशोब चोख होता. बाई खरं बोलत होत्या आणि तरीही नायटा तसूभर हलला नव्हता. नव्या चिठ्ठीवर त्याच औषधाचा डोस दुप्पट केलेला होता.

बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं औषधाचं दुकान आहे. मी फार्मासिस्ट आहे. निदान करणं आणि डोस ठरवणं हे डॉक्टरांचं काम. पण चार डॉक्टरांच्या चार चिठ्ठ्या एकत्र येतात ती जागा म्हणजे माझं काउंटर. तिथं जे दिसतं ते इतर कुठं दिसत नाही, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे. अक्कांना विचारून लिहिते आहे आणि त्यांची ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

अक्कांचं वय एक्केचाळीस. नवरा-बायकोचा एक कोयता. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाच्या टोळीबरोबर ऊसतोडीला जायचं आणि पाडव्याच्या आगेमागे परतायचं. पहाटे तीनला उठून फडात. दवानं साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली, पाचटाची कुसळं लागू नयेत म्हणून वरून नवऱ्याचा जुना शर्ट, आणि दिवस वर आला की आतून घामाची आंघोळ. कोपीवर, म्हणजे टोळीच्या झोपडीवर, पाण्याची मारामार, त्यामुळं धुतलेला परकर नीट वाळायच्या आत पुन्हा अंगावर. नाडीच्या खाली कंबरेभोवती, जांघेत आणि छातीखाली नायट्याची गोल चट्टी उठली ती डिसेंबरात. तिकडच्याच एका दुकानातून चिठ्ठीशिवाय ट्यूब आणली. तीन दिवसांत खाज थांबली, आठ दिवसांत दुप्पट झाली, म्हणून दुसरी ट्यूब. असं मार्चपर्यंत चाललं.

त्या ट्यूबमध्ये बुरशीच्या औषधाबरोबर जहाल स्टेरॉइड होतं. स्टेरॉइड खाज आणि लाली दाबतं, पण त्वचेची प्रतिकारशक्तीही दाबतं, आणि बुरशी खालून पसरत राहते. स्टेरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून केंद्र सरकारनं २०१८ मध्ये नियम कडक केले, तरी खेड्यापाड्यांत या ट्यूबा अजून भाजीसारख्या विकल्या जातात. याचा मला मनापासून राग आहे. गेल्या दशकभरात आपल्याकडचा नायटा एवढा चिवट का झाला, याच्या कारणांत या ट्यूबांचा नंबर फार वरचा आहे. आज भारतात सर्वत्र आढळणाऱ्या हट्टी बुरशीला २०२० मध्ये ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असं वेगळं नाव मिळालं. टर्बिनाफिन या बुरशीच्या नेहमीच्या औषधाला ती बऱ्याचदा दाद देत नाही, म्हणून त्वचारोगतज्ज्ञ हल्ली इट्राकोनॅझोल या दुसऱ्या औषधाकडे वळतात.

अक्कांनाही एप्रिलच्या अखेरीस जिल्ह्याच्या ठिकाणच्या त्वचारोगतज्ज्ञांनी तेच दिलं होतं. चट्ट्याची खरवड काढून सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी पक्की केलेली, यकृताची तपासणी केलेली, ट्यूब बंद केलेली. इट्राकोनॅझोल १०० मिलीग्रॅमच्या कॅप्सूल सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर, लावायला ल्युलिकोनॅझोल, खाजेसाठी रात्री एक गोळी. कागद नेमका आणि स्वच्छ होता. त्यात फक्त अक्कांच्या बाकीच्या गोळ्या नव्हत्या. नव्हत्या, कारण त्यांनी त्या सांगितल्याच नव्हत्या. का नाही सांगितल्या म्हणून विचारलं तर म्हणाल्या, “ती कुटं औषधं हायेत? ताकदीच्या गोळ्या हायेत त्या.”

मी त्यांना नवी चिठ्ठी परत दिली आणि म्हटलं, अक्का, आज काही घेऊ नका. उद्या घरातल्या सगळ्या गोळ्या, बाटल्या, पुड्या एका पिशवीत घालून आणा. संपलेल्याही आणा. आणि कुठली कधी खाता ते तोंडपाठ करून या.

पिशवी

दुसऱ्या दिवशी खताच्या गोणीची शिवलेली पिशवी काउंटरवर उपडी झाली. आतून निघालेल्या निम्म्या गोळ्यांना नाव नव्हतं. आम्ही दुकानदार पाकिटातून चार-सहा गोळ्या कात्रीनं कापून देतो तेव्हा नाव छापलेली कड बऱ्याचदा आमच्याकडे राहते आणि गिऱ्हाइकाकडे नुसता चांदीचा तुकडा जातो. रंग, आकार आणि दुकानाच्या जुन्या बिलांवरून मी एकेक ओळखत गेले.

पांढरी लांबट गोळी कॅल्शियमची होती. कॅल्शियम कार्बोनेट, त्यातून ५०० मिलीग्रॅम कॅल्शियम, सोबत ड जीवनसत्त्व, दिवसातून दोनदा. अक्कांची गर्भपिशवी तिसाव्या वर्षी काढलेली, बीजांडकोशांसकट. आमच्या जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या या शस्त्रक्रियांचं प्रमाण इतकं वाढलं की २०१९ मध्ये राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. बीजांडकोश गेले की पाळी जाण्याच्या वयाआधीच हाडं विरळ व्हायला लागतात, त्यामुळं कॅल्शियम त्यांना खरोखर लागत होतं.

लाल गोळी लोहाची. हिमोग्लोबिन ९.६ निघालं म्हणून गावातल्या दवाखान्यातून मिळालेली.

मग एक कॅप्सूल, सकाळी उपाशीपोटी, पित्तासाठी. पित्त का? तर कंबरदुखीसाठी डायक्लोफेनॅक चालू. ती पोट जाळते म्हणून ही कॅप्सूल, आणि एवढं करूनही जळजळ झाली की गुलाबी पातळ औषधाचं एक झाकण, नाहीतर चिमूटभर खायचा सोडा पाण्यातून. पिशवीच्या तळाला सोड्याची पुडी कागदात बांधलेली होतीच.

“आता कधी काय ते सांगा.”

“सकाळी उटल्या उटल्या पित्ताची. मंग भाकरी खाल्ली की नायट्याची आन् पांढरी. रातच्याला जेवले की नायट्याची, पांढरी आन् लाल. समद्या एकदाच टाकते तोंडात, म्हंजी इसरत नाही.”

मी इट्राकोनॅझोलचं पाकीट उलटवून बघितलं. माझ्याच अक्षरात पेननं लिहिलेलं होतं: १-०-१, जे. नं. म्हणजे सकाळी एक, रात्री एक, जेवणानंतर. कॅल्शियमचं पाकीट उलटवलं. १-०-१, जे. नं. तेही माझंच अक्षर. बाईंनी माझं अक्षर न् अक्षर पाळलं होतं. डॉक्टरांनी नियमितपणावर शंका घेतली, घरात नवरा परकर नीट धुवत नाहीस म्हणून बोलला, आणि दोष माझ्या पेनात होता. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

पोटात काय झालं

इट्राकोनॅझोल पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. कॅप्सूल उघडून बघितली तर आत राजगिऱ्याएवढे बारीक दाणे असतात. औषधाचा थर त्या दाण्यांवर असतो. तो थर सुटायला चांगलं आंबट पोट लागतं. जेवणानं जठरातलं आम्ल वाढतं आणि अन्न तिथं जास्त वेळ थांबतं, म्हणून ही कॅप्सूल पोटभर जेवणानंतर घ्यायची. हे सगळं आम्लावर अवलंबून आहे. आम्ल नसेल तर दाणे तसेच पुढे सरकतात आणि औषध रक्तात न जाता शौचावाटे निघून जातं. बाई कॅप्सूल खाते, त्वचेपर्यंत काही पोचत नाही.

कॅल्शियम कार्बोनेट म्हणजे रसायनाच्या भाषेत खडू. आम्लाला भेटलं की फसफसतं आणि आम्ल मारतं. अक्कांना मी शहाबादी फरशीवरून सांगितलं. आपल्याकडे मराठवाड्यात घरोघरी ती फरशी असते. तिच्यावर लिंबाचा रस सांडला आणि लगेच पुसला नाही तर पांढुरका डाग पडतो, तिथली चकाकी जाते. कारण ती फरशी चुनखडीची आहे. लिंबाचं आम्ल फरशीला खातं आणि स्वतः संपतं. तुमची पांढरी गोळी त्या फरशीसारखी आणि पोटातलं आम्ल लिंबासारखं. नायट्याच्या कॅप्सूलला लिंबू पाहिजे असतं, आणि तुम्ही बरोबरच फरशी टाकता.

“म्हंजी दोघींचं पटत नाही,” अक्का म्हणाल्या. एवढ्यात त्यांना सगळं कळलं होतं.

खायचा सोडा आणि गुलाबी औषध हीच गोष्ट आणखी जोरात करतात. गुलाबी औषधात मॅग्नेशियम आणि अ‍ॅल्युमिनियमचे क्षार असतात. त्यांचं कामच आम्ल मारणं. पण या दोघांचा असर तासा-दोन तासांत ओसरतो, त्यामुळं वेळ लांब ठेवली की भागतं. पित्ताच्या कॅप्सूलमधलं पॅन्टोप्राझोल मात्र आम्ल तयार होणंच बंद करतं आणि हा परिणाम दिवसभर टिकतो. तिथं वेळ पुढेमागे करून उपयोग नाही. याच गटातल्या ओमेप्राझोलबरोबर इट्राकोनॅझोलची कॅप्सूल दिली असता रक्तातलं प्रमाण साधारण दोन तृतीयांशानं घटल्याचं मोजलं गेलेलं आहे. अक्कांच्या बाबतीत पॅन्टोप्राझोल, कॅल्शियम आणि सोडा तिन्ही एकदम.

आणखी एक गोष्ट, जी फार कमी लोकांच्या लक्षात येते. कॅल्शियम कार्बोनेटमधलं कॅल्शियम अंगी लागायलाही आम्लच लागतं. लोहालाही लागतं. म्हणजे पॅन्टोप्राझोलनं नायट्याचं औषध अडवलं, हाडांचं अडवलं आणि रक्ताचंही अडवलं. वर लोह आणि कॅल्शियम एकाच घासात गेले की कॅल्शियम लोहाला शोषू देत नाही. गरोदर बाईला या दोन गोळ्यांत किमान दोन तासांचं अंतर ठेव म्हणून सांगणं आशाताईंना पाठ असतं. पण अक्का गरोदर नव्हत्या, म्हणून त्यांना ते कुणी सांगितलंच नाही. लोह इट्राकोनॅझोलचं काही बिघडवत होतं असं मी म्हणणार नाही. लोहाची गोळी आम्ल मारत नाही. तीच बिचारी कॅल्शियमखाली दबली होती.

इथपर्यंत प्रकरण औषध कमी पडण्याचं होतं. पित्ताच्या कॅप्सूलची मागची बारीक अक्षरं वाचली आणि माझ्या पोटात गोळा आला. तिच्यात पॅन्टोप्राझोलबरोबर डोम्पेरिडोन हे मळमळीचं औषध होतं. ही जोडगोळी आपल्याकडे इतकी सर्रास चालते की ती लिहिणारा, विकणारा आणि खाणारा, कुणालाच तिचं काही वाटत नाही. पण इट्राकोनॅझोल यकृतातलं एक विकर (एन्झाइम) अडवतं, ज्याच्यामुळं डोम्पेरिडोन शरीरातून बाहेर पडतं. ते विकर अडलं की डोम्पेरिडोन रक्तात साचतं, आणि साचलेलं डोम्पेरिडोन हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवू शकतं. ही दोन औषधं एकत्र द्यायचीच नाहीत.

इथं खनिजांचा दुसरा पैलू येतो. हृदयाची लय सांभाळणारी खनिजं पोटॅशियम आणि मॅग्नेशियम. ती खाली गेली असतील तर हाच धोका वाढतो. मेच्या उन्हात अक्कांना आठवडाभर जुलाब झाले होते, जुलाबात पोटॅशियम जातं. पॅन्टोप्राझोलच्या गटातली औषधं वर्षभर किंवा जास्त घेतली तर काहींच्या रक्तातलं मॅग्नेशियम उतरतं. अमेरिकेच्या औषध नियामकानं २०११ मध्ये तशी सूचना काढली होती. अक्कांची पित्ताची कॅप्सूल चालू होऊन दोन वर्षं झाली होती. आता समजा मी नवी चिठ्ठी मुकाट्यानं भरून दिली असती, डोस दुप्पट झाला असता आणि दुसऱ्याच कुणाच्या सांगण्यावरून त्यांनी सोडा-कॅल्शियम सोडलं असतं. मग इट्राकोनॅझोल आधीपेक्षा जास्त अंगात शिरलं असतं, आणि समोर डोम्पेरिडोन उभं. हे मनात आलं आणि मी फोन उचलला.

दोन फोन

पहिला फोन त्वचारोगतज्ज्ञांना. चिठ्ठीवरच्या डोसबद्दल दुकानदारानं फोन करणं काही डॉक्टरांना आवडत नाही, म्हणून मी तक्रारीच्या सुरात न बोलता यादी वाचून दाखवली. कोणती गोळी, किती, किती वाजता. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, “डोस वाढवू नका. आधी आहे तोच पोटात जाऊ दे.” ईसीजी आणि रक्तातलं पोटॅशियम-मॅग्नेशियम तपासून घ्या, यकृताची तपासणीही पुन्हा करा, असं त्यांनी सांगितलं.

दुसरा फोन गावातल्या डॉक्टरांना, ज्यांनी डायक्लोफेनॅक आणि पित्ताची कॅप्सूल दिली होती. त्यांनी दोन्ही थांबवल्या. कंबरेसाठी गरज पडली तरच पॅरासिटामॉल आणि शेक. पोट जाळणारी गोळीच गेली की पित्ताच्या कॅप्सूलची गरज किती उरते ते बघू, असं त्यांचं म्हणणं. नेमकं तेच झालं. आठ-दहा दिवसांत जळजळ बरीच उतरली. पित्ताची कॅप्सूल एकदम बंद केली की पहिले काही दिवस आम्ल उसळी मारतं, हे मी अक्कांना आधीच सांगून ठेवलं होतं, नाहीतर त्या पुन्हा सोड्याकडे वळल्या असत्या.

ईसीजी ठीक निघाला. मॅग्नेशियम ठीक. पोटॅशियम ३.४, म्हणजे किंचित खाली, ते ३.५ च्या वर लागतं. डॉक्टरांनी मीठ-साखरेचं पाणी, केळी आणि शहाळं सांगून आठवड्यानं पुन्हा तपासलं, तेव्हा ३.९ आलं. पोटॅशियमचं पातळ औषध मात्र कुणी आपल्या मनानं आणू नये. मूत्रपिंडं कमजोर असतील किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू असतील तर तेच पोटॅशियम वर चढतं आणि हृदयाला तेही तितकंच घातक.

वेळा बसवल्या त्या अशा

घड्याळाचे काटे सांगून उपयोग नव्हता. अक्कांच्या घरी घड्याळ आहे, पण दिवस चालतो तो भाकरीवर, धारेवर आणि एसटीवर. त्वचारोगतज्ज्ञांनी दोन्ही कॅप्सूल रात्री एकदम घ्यायला परवानगी दिली, त्यानं अर्धं काम सोपं झालं.

मुक्कामी एसटी साडेसातच्या सुमाराला गावात येते. नवरा तिनं येतो, मग दोघं जेवतात. हे दिवसातलं सगळ्यात पोटभर जेवण, म्हणून इट्राकोनॅझोलच्या दोन्ही कॅप्सूल त्यानंतर. त्या वेळी दुसरं काहीही तोंडात जायचं नाही. कॅल्शियमची एक गोळी सकाळच्या भाकरीबरोबर आणि दुसरी दुपारच्या. कार्बोनेट जेवणाबरोबरच चांगलं लागतं आणि रात्रीच्या कॅप्सूलपासून ते कितीतरी लांब राहतं. लोहाची लाल गोळी संध्याकाळची धार काढायला बसायच्या आधी, साधारण पाचला, लिंबाच्या पाण्याबरोबर. अडचण आली ती चहाची. अक्कांचा चहा धारेआधीच व्हायचा आणि चहा लोहाला धरून ठेवतो. बराच खल झाला. शेवटी चहा धार काढून झाल्यावर, निरशा दुधाचा घ्यायचं ठरलं. तोवर गोळीला तासभर मिळतो. एवढं सगळं करताना त्यांनी एकच गोष्ट मनापासून मागितली: “चहा बंद नका करू म्याडम, बाकी काय बी सांगा.”

गुलाबी औषध लागलंच तर दुपारी. कॅप्सूलच्या आधी-नंतर दोन तास नाही. सोड्याची पुडी माझ्याकडे ठेवून घेतली.

मी जुनी पाकिटं फेकली आणि नवी देताना ‘जे. नं.’ लिहिलं नाही. पांढरीवर सूर्य काढला, लालवर म्हशीचं तोंड आणि कॅप्सूलवर एसटी. अक्का चौथी शिकलेल्या, वाचतात. पण संध्याकाळच्या अंधारात चित्र आधी दिसतं.

पुढचे आठवडे

पहिल्या दहा दिवसांत खाज कमी. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी छातीखालचे चट्टे सपाट, कंबरेचा पट्टा कडेनं तुटायला लागलेला. तोवर जून लागला होता, आभाळ ओलं होतं आणि इतरांचा नायटा वाढायच्या दिवसांत अक्कांचा मावळत होता. डॉक्टरांनी नव्या वेळांचा कोर्स सहा आठवड्यांचा केला. शेवटच्या खरवडीत बुरशी दिसली नाही. यकृताची तपासणी पूर्णवेळ ठीक राहिली. हिमोग्लोबिन सप्टेंबरात १०.८.

गुण केवळ गोळ्यांच्या वेळा बदलल्यानं आला असं मी लिहिणार नाही. स्टेरॉइडची ट्यूब सुटून दोन महिने होत आले होते, परकर आता कडक उन्हात उलटा वाळत होता, आणि नवऱ्याच्या मांडीवरचा नायटाही त्याच वेळी औषधाखाली आणला होता. एक अंथरूण असेल तर दोघांना औषध द्यावंच लागतं. पण पहिल्या चार आठवड्यांतही ट्यूब बंदच होती, मलम तेच होतं, कॅप्सूल त्याच आणि तेवढ्याच होत्या. औषधाच्या बाजूनं नंतर मुख्यतः बदललं ते पोटातलं आम्ल. त्या छप्पन्न कॅप्सूल बहुतांशी वाया गेल्या याबद्दल माझ्या मनात शंका नाही, आणि एका कोयत्याच्या घरात तेवढ्या कॅप्सूलचे पैसे म्हणजे काय, हे मला माहीत आहे.

हे प्रकरण मी ओळखीच्या दोन-तीन दुकानदारांना सांगितलं तेव्हा एकानं लगेच पाटी लावली: ‘बुरशीच्या औषधाबरोबर कॅल्शियम घेऊ नये’. मी त्याला ती काढायला लावली. बुरशीची सगळी औषधं एका स्वभावाची नाहीत. फ्लुकोनॅझोलला पोटातल्या आम्लाशी देणंघेणं नाही. ते जेवणाआधी घ्या की नंतर, कॅल्शियमनं त्याचं शोषण अडत नाही. टर्बिनाफिनचंही आम्लावाचून अडत नाही. ग्रिसिओफल्विनला तेला-तुपाचं जेवण लागतं. व्होरिकोनॅझोल उलट रिकाम्या पोटी, जेवणापासून तासभर दूर. इट्राकोनॅझोलचाही सुपर बायोअव्हेलेबल नावाचा वेगळा प्रकार हल्ली मिळतो, त्याला आम्लाची तेवढी गरज नाही. पण त्याचे मिलीग्रॅम वेगळे असतात, त्यामुळं नाव एक आहे म्हणून एकाच्या जागी दुसरा द्यायचा नाही. त्या पाटीमुळं फ्लुकोनॅझोल घेणाऱ्या एखाद्या म्हातारीनं कॅल्शियम सोडलं असतं आणि तिच्या हाडांचं नुकसान आपण केलं असतं.

आणि काही औषधांत तर खनिजं हाच उपचाराचा भाग असतो. २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिस, म्हणजे ‘काळी बुरशी’चा आजार, आला, केंद्र सरकारनं मे महिन्यात तो नोंदणीचा आजार करायला राज्यांना सांगितलं. तेव्हाच्या औरंगाबादला आणि लातूरला आमच्या भागातले रुग्ण दाखल होते. त्यांना दिलं जाणारं अ‍ॅम्फोटेरिसिन बी मूत्रपिंडांतून पोटॅशियम आणि मॅग्नेशियम वाहून नेतं. तिथं ही दोन्ही रोज मोजून भरून काढावी लागतात, आणि मॅग्नेशियम कमी असेल तर नुसतं पोटॅशियम कितीही दिलं तरी टिकत नाही. त्या काळात सुट्टी होऊन आलेल्या एका रुग्णाच्या मुलानं मला विचारलं होतं की बुरशीच्या औषधात पोटॅशियमची बाटली चालते का, शेजारी नको म्हणतात. मी त्याला डिस्चार्जचा कागद उघडायला लावला. तिथं ती डॉक्टरांनीच लिहिली होती.

इट्राकोनॅझोल चालू असताना पायावर सूज, दम लागणं, लघवी गडद, डोळे पिवळे, भूक मेलेली, छातीत धडधड किंवा चक्कर यांतलं काही दिसलं तर थांबून त्याच दिवशी डॉक्टर. ज्यांचं हृदय आधीच कमजोर आहे त्यांना हे औषध नायट्यासाठी देतच नाहीत. क्वचित याच औषधानं रक्तदाब चढतो, सूज येते आणि पोटॅशियम उतरतं, तेही लक्षात ठेवावं लागतं. अक्कांना यांतलं काही झालं नाही. पण दर आठवड्याला दुकानाच्या पायरीवर बसवून मी त्यांची नडगी अंगठ्यानं दाबून बघत होते, खड्डा पडतो का ते.

दसऱ्यानंतर अक्का शेवटच्या आल्या, टोळी निघायच्या दोन दिवस आधी. इट्राकोनॅझोल कधीच संपलं होतं. पाच महिन्यांचं कॅल्शियम आणि तीन महिन्यांचं लोह न्यायला आल्या होत्या. मी कात्री बाजूला ठेवली आणि अख्खी पाकिटं दिली, नावासकट. त्यांनी लाल पाकीट उलटवून म्हशीचं तोंड बघितलं आणि परत माझ्यापुढे सरकवलं.

“म्हशी जावंकडं ठिवून जायलेत. तिकडं धार नाही. तीनला उटायचं, फडातच भाकरी, गाडी भरून यायला कधी अंधार. मंग ही लाल कवा खाऊ?”

मी स्टूल ओढून त्यांना बसायला दिलं, कोऱ्या कागदावर पहाटेचे तीन लिहिले आणि पुढं विचारलं, फडातली पहिली भाकरी साधारण कधी होते.